वहिनीला पानमळा बंद

मी हस्तपत्रकं लिहिणारा माणूस आहे. पत्रक कसं लिहावं हे मला कोणी शिकवायला नको. वर मोठ्या टायपात प्रश्न, खाली चार ओळी शिव्या, शेवटी "जागे व्हा". बुवाबाजीवर लिहिलं, दारूवर लिहिलं, विहिरीवर कोणी पाणी भरावं यावर लिहून बाजारात मार खाल्ला. पण वहिनीवर लिहायला बसलो की पहिली ओळ होते आणि हात थांबतो. जागे व्हा असं कोणाला म्हणू? जी बाई कोंबड्याच्या आधी जागी होते आणि भिंतीकडे बघत उजाडायची वाट पाहते, तिला? तेव्हा हे पत्रकासारखं चार ओळींत बसणार नाही. लांबलं तर लांबू द्या.

आमचं गाव केनवडपासून गाडीवाटेवर आहे. ओढ्याच्या काठाला आम्हा भाऊबंदांचा मिळून एक पानमळा. चारी बाजूंनी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा उंच कूड, आत शेवरी-पांगाऱ्याच्या दाट रांगा आणि त्यांवर चढलेल्या नागवेली. बाहेर चैत्राचं ऊन माणूस भाजत असलं तरी आत गारवा. हा मळा म्हणजे आमच्याकडचं देवघर. पायतण बाहेर. तोंडात शिवी नाही. विटाळातली बाई आत नाही, सुतकातला माणूस आत नाही. रडक्या तोंडानं तर कोणीच नाही, कारण वेलीला रडणं सोसत नाही म्हणतात. शिंक आली तर माणूस नाक धरून फाटकाबाहेर पळतो. या नियमांवर मी लहानपणापासून हसत आलो. पुढे हसू गेलं.

पानं खुडायला अंगठ्यात एक लोखंडी नखी घालतात. वहिनीची नखी घासून घासून चांदीसारखी झाली होती. अख्ख्या भाऊबंदांत तिच्याएवढा चपळ हात नव्हता, आणि तिच्याएवढं तोंडही नव्हतं. खुडताना ती वेलींशी भांडायची. "काय वं सटवे, वरतं वरतं कुठं चालली? खाली पाह्य, तुही माय खाली हाये." मी नवीन पत्रक दाखवलं की दोन बोटांत धरून कागद चाचपायची.

"भाऊजी, कागद लय मजबूत हाये. पानाच्या करंडीत घालाले बेस."

"अन् मजकूर?"

"मजकुरानं पानं सडली तं?"

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, कमी बोलायचा. तिनं बोलायचं आणि त्यानं मान हलवायची, असा त्यांचा संसार. लग्नानंतर पुष्कळ वाट पाहून मुलगी झाली. श्रावणात तापानं आणि हगवणीनं ती गेली. अजून बसायलाही लागली नव्हती.

दारावर आलेल्या बायांनी सांत्वन काय केलं ते ऐका. "दुदच बादलं वं बाई. मायचं दुद कडू असलं का लेकरू टिकत नाई." ही दुखवट्याची भाषा! मेलेल्या लेकराच्या आईला, तिच्याच अंगणात, तिचंच पाणी पिऊन हे सांगायचं. मी बोलायला उठलो तर आमची माय म्हणाली, "तू बस. बायांच्यात तोंड नको घालू."

वहिनी रडली नाही. सुतक फिटलं, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर करंडी घेऊन ती मळ्यात गेली. गावभर कौतुक. केवढ्या धीराची! तो धीर नव्हता. पण ते आम्हाला कोणालाच ओळखता आलं नाही, आणि न ओळखणाऱ्यांनी त्याला नाव दिलं आणि मोकळे झाले.

भादव्यात मळ्याच्या खालच्या कोपऱ्यातली एक रांग पिवळी पडली. मग मुळं काळी झाली, हात लावला की वेल सुटून हातात येऊ लागली. आमच्याकडे याला मर लागणं म्हणतात. एका वेलीवरून दुसरीवर जाते. त्या कोपऱ्यात पाणी साचतं, चर बुजलेला आहे, हे मी दोन पावसाळे सांगत होतो. पण मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मळ्याचे कारभारी. त्यांच्यापुढं माझे वडील जन्मात कधी बोलले नाहीत, तर माझं कोण ऐकतो. मोठेबाबांनी फाटकाशी सगळ्या बायांना उभं केलं आणि विचारलं, "या रांगीत कोणाचा हात होता?"

वहिनी म्हणाली, "माह्या."

"काई चुकलं का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती सरळ बोलली. लेकरू गेलं तरी अंगावर दूध येत होतं, चोळी भिजायची. दुपारी आडोशाला बसून ते पिळून टाकावं लागे. "वाटेवर टाकलं असतं तं कोणाचा पाय पडला असता. म्हनून येलीच्या मुयाशी सांडलं. मले वाटलं, येल बी लेकरूच हाये. पिईन."

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मग मोठेबाबा हळू आवाजात म्हणाले, "ज्या दुदानं लेकरू गेलं, ते तुनं येलीले पाजलं?"

ते ओरडले नव्हते. ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो. माझ्या मायनं तिचा दंड धरला आणि तिला फाटकाबाहेर आणलं. त्या दिवसापासून वहिनीला पानमळा बंद.

आता पुढचं नीट ऐका, कारण हे पुढचं घराघरांत घडतं आणि कोणी त्याला आजार म्हणत नाही.

आधी तिचं बोलणं गेलं. एकदम नाही, विहिरीचं पाणी उतरावं तसं. विचारलं तर उत्तर यायचं, पण फार लांबून. मग भूक गेली. "भाकर माती लागते," म्हणायची. पहाटेच्या आधी डोळा उघडायचा तो लागायचा नाही. केस विंचरायचे राहू लागले, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. चुलीपुढं बसली की दूध उतू जाताना बघायची, पण हात पुढे व्हायचा नाही. रडत नव्हती. रडली असती तर लोकांना कळलं असतं.

एकदा मी विचारलं, "वहिनी, तुले काय दुखते?"

"काईच नाई दुखून राह्यलं, भाऊजी. पोट्टी गेली, ते बी दुखून नाई राह्यलं. तेच वाईट हाये."

शेजारणी म्हणायच्या, "बसून खाऊन राह्यली, अजून काय पाह्यजे?" हे त्या तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या. मायनं मानोऱ्याकडचा एक भगत आणवला. त्यानं दार बंद करून मिरच्यांचा धूर केला. मी दार तोडायला गेलो तर दादानं मला मागून धरलं. त्यानं मला सोडलं नाही. आतून खोकल्याचे आवाज आले. भगताचे आणि मायचे. वहिनीचा नाही. ती धुरात तशीच बसलेली. डोळ्यांतून पाणी आलं ते धुराचं, आणि भगतानं बाहेर येऊन सांगितलं, "पाहा, रडली. निघालं." नारळ घेऊन गेला.

आणि भगतावरच कशाला थांबू? आमच्या चळवळीतले वाशीमचे पुढारी घरी आले होते. मोठी माणसं, तुरुंगात जाऊन आलेली. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसून म्हणाले, "रिकामं मन आहे. चरखा द्या त्यांना. देशाचं काम झालं की आपलं दुःख लहान वाटतं." चरखा आला. वहिनी आज्ञाधारक, दिलं ते करायची. मी संध्याकाळी आलो तर ती ओट्यावर बसून चरखा फिरवत होती. चाक फिरत होतं, हात वर जात होता, खाली येत होता. कापसाच्या पेळूंची टोपली शेजारी भरलेली तशीच. सूत नव्हतंच. तिला सांगितल्यावर तिनं हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "असं का? बरं."

मी तो चरखा उचलून माळ्यावर टाकला. देशावर माझी श्रद्धा आहे. पण खचलेल्या माणसाला देश दाखवणारा आणि भूत दाखवणारा, दोघंही त्याच्याकडे बघत नाहीत.

शेवटी दादाच बोलला. गाडी जुंपली, मला म्हणाला, "चाल." वाशीमला एक म्हातारे डॉक्टर होते, फार बोलायचे नाहीत. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. झोप कधी मोडते, तोंडाला चव आहे का, सकाळ जड जाते की संध्याकाळ. या प्रश्नांना तिनं उत्तरं दिली. इतक्या दिवसांत तिला कोणी असे प्रश्न विचारले नव्हते; आम्ही फक्त "काय झालं तुले" विचारायचो.

"सांजेले जरासं हलकं वाटते. सकायी लय जड."

"आपल्यामुळं सगळ्यांना त्रास होतो, असं वाटतं का?"

"वाटते कायले? हाये तसंच."

"जगू नये असं येतं मनात?"

दादा ताडकन उठला. "डाक्टरसाहेब, असं नका इचारू तिले!"

पण वहिनी शांतपणे म्हणाली, "निजावं अन् उठूच नये, असं येते."

डॉक्टर दादाला म्हणाले, "बसा. माझ्या विचारण्यानं ते तिच्या मनात गेलं नाही. आधीच होतं, आज तुम्हाला कळलं. आता तिला एकटी सोडू नका." मग समजावून सांगितलं. हा आळस नाही, नखरा नाही, बाहेरची बाधाही नाही. लेकरू गेलं, बाळंतपणानं शरीर झिजलेलंच होतं, त्यात दोष तिच्या माथी आला. एवढं ओझं एका माणसावर पडलं की मन खचतं, ओल मुरलेली भिंत खचावी तसं. अशा माणसाला हिंमत धर म्हणणं म्हणजे मोडक्या पायाच्या माणसाला पळ म्हणणं. झोपेच्या पुड्या दिल्या. वेळेवर खाऊ घाला म्हणाले, थोडं का होईना. सकाळी कोणी तरी जवळ बसा, उगाच उपदेश करू नका. "आणि आधी ती काय काम करायची?"

"पानं खुडायची," दादा म्हणाला.

"मग ते तिला परत द्या. थोडं थोडं. याला महिने लागतात, घाई करू नका. पण परत द्या."

येताना गाडीत दादाचा चेहरा मी पहिल्यांदा मोकळा पाहिला. औषध सापडलं होतं, आणि ते आमच्याच कुडाच्या आत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा तिला घेऊन फाटकाशी गेला. नखी त्यानं स्वतः घासून आणली होती. मोठेबाबा आडवे उभे राहिले. सगळे भाऊबंद मागे.

दादा म्हणाला, "डाक्टरनं सांगतलं हाये."

"डाक्टरच्या मयात किती येली हायेत?"

मी पुढं झालो. त्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, चर बुजला आहे, मर पाण्यानं लागली आहे, चला दाखवतो. सगळं बोललो.

"तू पत्रकं वाट," मोठेबाबा म्हणाले. "या मयावर आठ चुली पेटतात. एकीच्या मनासाठी आठ चुली इझवू का?" आणि मग तिच्याकडे वळून, अगदी मायेनं, "पोरी, माह्या तुह्यावर राग नाई. पन तूच सांग."

हे सगळ्यात वाईट. राक्षस असता तर बरं झालं असतं. तो म्हातारा तिलाच विचारत होता, आणि तिच्या आजारानं त्याचं उत्तर आधीच तयार ठेवलं होतं.

वहिनीनं दादाच्या हातातली नखी घेतली. अंगठ्यात घातली नाही. मागं उभ्या असलेल्या मायच्या हातात ठेवली. "त्याईचं खरं हाये, आत्याबाई. माह्या हात नको." आणि घराकडं वळली.

दादा तिथंच फाटकाशी उकिडवा बसला. मोठा माणूस, पण त्याला उठवायला मला हात द्यावा लागला.

त्यानंतर ती अंथरुणालाच लागली. दिवाळीत तिचा भाऊ धनजहून आला, तिला पाहून दारातच रडला, आणि माहेरी घेऊन गेला. जाताना तिनं कोणाकडे वळून पाहिलं नाही. माय म्हणाली, "बरं झालं, तथी जीव रमन." घरात कोणी तिचं नाव काढेना. दादा तिच्या वाटच्या रांगाही खुडू लागला, आणि पानाला उशीर होऊ लागला.

पुढचा पावसाळा आला. भादव्यात त्याच कोपऱ्यात पुन्हा मर लागली. या वेळी एक रांग नाही. अर्धा कोपरा काळा पडला.

या वर्षी दोष द्यायला कोणी नव्हतं. मळ्यात ना विटाळ झाला होता, ना कोणी रडलं होतं. मोठेबाबा चिखलात उभे राहून मुळं उपटून पाहत होते. त्यांनी मुकाट्यानं कुदळ मागवली आणि चर मोकळा करायला लावला. माझ्याकडे बघितलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, नाही का? मुद्दा माझा खरा ठरला होता. मी त्या कुजलेल्या मुळांकडे बघत राहिलो.

माय रांगेच्या टोकाला होती. तिनं विचारलं, कोणालाही नाही, असंच, "अन् आता कोनाची सावली पडली?"

दुसऱ्या दिवशी ती दादाला म्हणाली, "मले धनजले ने."

सासूनं सुनेला आणायला तिच्या माहेरी जायचं, ही रीत आमच्याकडे नाही. आम्ही तिघं मोटारीनं कारंज्यापर्यंत गेलो, पुढे बैलगाडी केली. गाडीत माय बाहेर बघत म्हणाली, "माह्ये बी दोन गेले, तुमच्या आधी. म्या अंगावरचं दुद कुडावर पियून टाकलं. तिसऱ्या दिवशी सासूनं कामाले लावलं. मले कोनी इचारलं नाई, अन् म्या बी तिले इचारलं नाई." दादानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आम्हाला हे माहीतच नव्हतं.

वहिनी ओट्यावर बसली होती. अर्धी उरली होती. तिनं आम्हाला ओळखलं, पदर डोक्यावर घेतला, उठून मायच्या पाया पडली. पुन्हा बसली. दादाकडं बघून तिनं पहिलं विचारलं ते हे:

"येली बऱ्या हायेत न?"

दादानं मायकडं पाहिलं. मी वाटेत मनाशी घोकलेलं सगळं ओठांवर आलं. याचसाठी तर आलो होतो. ही एक गोष्ट तिच्या कानावर घातली की तिचं ओझं उतरेल, अशी माझी पक्की समजूत. मी पत्रकवाला, खरं सांगितलं की माणूस सुटतो, यावर माझा सगळा धंदा.

माय तिच्यापुढं मांडी घालून बसली. तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मेल्या, पोरी. अर्धा कोपरा मेला. तू नव्हती, तरी मेल्या. म्या माह्या डोयानं पाह्यलं. पान्यानं मेल्या त्या, तुह्या दुदानं नाई. आमचं चुकलं. चाल घरी."

वहिनीनं सगळं नीट ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मला वाटलं, आता रडेल, आता सुटेल.

"नाई, आत्याबाई," ती म्हणाली. मायचीच समजूत घातल्यासारखी. "मुरलं असन न ते जमिनीत. अजून असन."

एवढं मला तेव्हा समजलं की या आजाराला पुरावा दिला तरी तो तिच्याविरुद्धच वापरतो. भगताला मी हरवू शकतो. मोठेबाबांना पाण्यानं हरवलं. पण जे बाहेरून तिच्यावर टाकलं होतं ते आता तिच्या आत घर करून बसलं होतं, आणि तिथं माझं पत्रक पोहोचत नाही.

मायनं फणी मागितली. वहिनीच्या मागं बसून तिचे केस सोडले आणि विंचरू लागली. गुंता फार होता. वहिनी मान खाली घालून बसून राहिली. दिवे लागेपर्यंत ते चाललं होतं.

त्या वेळी ती आमच्याबरोबर आली नाही. माय मात्र तिथंच राहिली, लेकीच्या घरी राहावं तशी. लोक हसले, हसू द्या. संक्रांतीच्या सुमाराला दोघी गाडीतून उतरल्या. वहिनी आता भाकरी खाते, अर्धी, कधी पूर्ण. पहाटे अजूनही आधी जागी होते, आणि मायही उठून तिच्याजवळ नुसती बसते. काही दिवस बरे जातात. मग एखादा आठवडा पुन्हा तोच, भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणाले होते महिने लागतात. महिने होऊन गेले.

मळ्याचं फाटक तिला आता उघडं आहे. मोठेबाबांनी स्वतः येऊन सांगितलं, उंबऱ्याबाहेर उभं राहून, पागोटं हातात घेऊन. तिनं "बरं" म्हटलं. रोज दुपारी ती फाटकापर्यंत येते. कुडाला हात लावून उभी राहते, आतला गारवा बाहेर येतो तो तिच्या अंगावर येत असेल. पाऊल आत टाकत नाही. दादानं एकदा हात पुढे केला तर ती मागे सरली, तेव्हापासून तो करत नाही.

म्हणून माय खुडलेल्या पानांची करंडी बाहेर आणते. फाटकाशी, कुडाच्या सावलीत दोघी समोरासमोर बसतात आणि पानं लावतात: मोठी वेगळी, लहान वेगळी, डागाळलेली बाजूला. परवा मी जवळून जात होतो. करंडीच्या तळाला घालायला मायनं माझीच जुनी पत्रकं घेतली होती. वहिनीनं एक उचललं, दोन बोटांत धरून चाचपलं. मी थांबलो. ती काहीतरी बोलेल म्हणून थांबलो.

तिनं तो कागद करंडीच्या तळाला नीट पसरला आणि त्यावर पानं रचू लागली.